डिस्क कुणाच्या घड्याळाने मोजायची?

साशंक: क्लाउडमधली डिस्क मोजायची म्हणजे नेमके काय मोजायचे, इथपासूनच माझी अडचण सुरू होते. जुन्या संगणकात फिरणारी तबकडी होती. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे जास्त लागत. त्यात हेड सरकायचा वेळ मिळवला की विखुरलेली वाचने सेकंदाला शंभरएक होत. ही मर्यादा धातूची आणि गतीची होती. ती मोजली की काहीतरी खरे हाती लागायचे. क्लाउडमध्ये डिस्क म्हणून जे दिसते ते नेटवर्कपलीकडच्या यंत्रांवर पसरलेले साठवण असते आणि त्याचा वेग कंपनीने ठरवून दिलेला असतो. ॲमेझॉनची जीपी-३ ही डिस्क डिसेंबर २०२० मध्ये आली. जास्तीचे पैसे न भरता ती सेकंदाला ३,००० वाचन-लेखने आणि १२५ मेबीबाइट इतकी वाहतूक देते. तुम्ही चाचणी चालवता आणि उत्तर येते ३,०००. करारात छापलेला आकडा पुन्हा एकदा वाचून दाखवला, याला मोजणी कसे म्हणायचे?

आता दुसऱ्या टोकाला या. नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटचा शेतकरी बांधावर उभा राहून ई-पीक पाहणीत आपल्या कापसाचा किंवा मिरचीचा फोटो पाठवतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ही सोय आहे. तलाठी जी पीकनोंद करायचा ती आता खातेदाराने स्वतः करायची. त्याचा फोटो वर चढायला किती सेकंद लागतील हे मोबाइलचा टॉवर ठरवतो. मुंबईच्या किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमधली डिस्क एका मिलिसेकंदात उत्तर देते की तीन, याने त्या माणसाला काय फरक पडतो? हा सगळा खटाटोप मला अभियंत्यांच्या हौसेचा वाटतो.

उत्साही: नेहमीच्या दिवशी फरक पडत नाही, हे आधीच कबूल करतो. पण डिस्क नेहमीच्या दिवसासाठी मोजायची नसते. असे काम क्लाउडमधल्या डिस्कवर ठेवले आहे असे धरा आणि माझ्याबरोबर हिशोब करा. एक पीकनोंद आली की खातेदाराचे नाव पाहायचे, गट क्रमांक पाहायचा, त्या हंगामातली आधीची नोंद आहे का ते पाहायचे, नवी ओळ लिहायची, तिच्या सूच्या दुरुस्त करायच्या, लॉग लिहायचा. समजा या सगळ्याला डिस्कवर ३० वाचन-लेखने लागली. तुमची डिस्क सेकंदाला ३,००० देते, म्हणजे सेकंदाला १०० नोंदी. एरवी २० येत असतील तर डिस्क बहुतेक वेळ रिकामीच बसलेली असते. मग मुदतीचा शेवटचा दिवस उजाडतो आणि सेकंदाला १५० नोंदी येऊ लागतात. दर सेकंदाला ५० मागे राहतात. दहा मिनिटांत ३०,००० नोंदी रांगेत. त्या वेळी शेवटी आलेल्या माणसाला पाच मिनिटे थांबावे लागेल. पाच मिनिटे कोण थांबतो? फोन कंटाळून जोडणी सोडतो, माणूस पुन्हा बटण दाबतो. त्याची पहिली मागणी मात्र आत अजून जिवंतच असते आणि डिस्कला कामाला लावत असते. आता एका माणसाच्या दोन मागण्या झाल्या. टॉवरने लावलेला उशीर दिवसभर साधारण तेवढाच राहील. रांगेने लावलेला उशीर मात्र काही मिनिटांत शून्यावरून पाच मिनिटांवर जातो. तुम्ही ज्या मिलिसेकंदाला हसता, तो एकटा कधीच येत नाही. त्याच्या मागे रांग उभी असते.

याचा नियमही साधा आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला: आत अडकलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत जाणारा वेळ. डिस्कच्या चाचणीत रांगेची खोली किती ठेवायची, याचे उत्तर इथूनच निघते. एका वाचनाला एक मिलिसेकंद लागत असेल आणि एका वेळी एकच मागणी पाठवली, तर डिस्क कितीही मोठी घ्या, सेकंदाला १,००० च्या पुढे जाणार नाही. ३,००० हवेत तर एकाच वेळी तीन मागण्या आत हव्यात. पुष्कळ लोक एकेरी चाचणी घेतात आणि आपल्याला कमी माल मिळाला म्हणून ओरडतात.

साशंक: तुमची रांग मी मान्य करतो. पण मग उपायही सरळ आहे. ३,००० पुरत नाहीत तर ६,००० घ्या. संगणकाच्या पडद्यावर एक आकडा बदलायचा, बिल थोडे वाढेल. क्लाउडचे एवढे गुणगान ज्या सोयीसाठी केले जाते ती हीच ना? मोजत बसण्यापेक्षा विकत घेणे स्वस्त पडते.

उत्साही: विकत घेतलेले वापरता आले तर. डिस्कला दोन मर्यादा असतात आणि दोन्ही एकदम लागू असतात. एक संख्येची, दुसरी वाहतुकीची. तुमचा डेटाबेस १६ किबीबाइटच्या तुकड्यांत वाचत असेल, मायएसक्यूएलचे इनोडीबी तसे करते, तर ३,००० वाचनांत साधारण ४७ मेबीबाइट वाहतात. १२५ ची मर्यादा लांब राहते आणि संख्या आधी संपते. तेच काम ६४ किबीबाइटच्या तुकड्यांत झाले तर २,००० वाचनांतच १२५ मेबीबाइट भरतात. इथे तुम्ही संख्या ६,००० केली तरी एक वाचन वाढणार नाही. पैसे मात्र वाढतील.

याहून जास्त फसगत होते ती सर्व्हरमुळे. डिस्क ज्या सर्व्हरला जोडता त्याचीही स्वतःची मर्यादा असते. ॲमेझॉनचा एम-५ लार्ज हा सर्रास वापरला जाणारा सर्व्हर घ्या. डिस्ककडे जाणारी त्याची कायमची वाट सेकंदाला ६५० मेगाबिटची, म्हणजे सुमारे ८१ मेगाबाइटची, आणि ३,६०० वाचन-लेखनांची. जोर लावून तो ४,७५० मेगाबिटपर्यंत जातो, पण असा पूर्ण जोर दिवसाकाठी अर्धा तास टिकेल एवढेच आश्वासन आहे. म्हणजे डिस्कवर ६,००० विकत घेतले तरी अर्ध्या तासानंतर ३,६०० च्या दारात सगळे अडकणार. अडथळा नेमका कुठे आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि ते न कळता केलेली खरेदी आंधळी असते. सरकारी कामात तर तो लोकांचा पैसा.

साशंक: आत्ता तुम्ही जो अर्धा तास म्हणालात त्यातच माझा खरा आक्षेप आहे. ही सगळी यंत्रणा काही काळ चांगले वागून दाखवते आणि मोजणारा नेमका तेवढाच काळ तिच्याकडे पाहतो. जीपी-२ ही आधीची जात आठवा, २०१४ ची. तिथे वेग आकाराला बांधलेला होता, दर गिबीबाइटमागे ३. शंभर गिबीबाइटची डिस्क घेतली की तुमचा हक्काचा वेग ३००. पण सुरुवातीला ५४ लाख क्रेडिट खात्यात जमा असायचे आणि ते संपेपर्यंत ती ३,००० ने धावायची. सेकंदाला ३,००० खर्च, ३०० जमा, म्हणजे २,७०० ची घट. ५४ लाखांना ती २,००० सेकंद पुरते. तेहतीस मिनिटे आणि वर वीस सेकंद. अभियंता दहा मिनिटांची चाचणी घेतो, ३,००० पाहतो, अहवाल लिहितो, सही होते. शेवटच्या दिवशी चौतिसाव्या मिनिटाला डिस्क दहा पटींनी मंद होते. रिकामे झालेले खाते पुन्हा भरायला, डिस्कला अजिबात हात लावला नाही तरी, पाच तास. मायक्रोसॉफ्टच्या लहान प्रीमियम डिस्कांनाही अशीच तीस मिनिटांची उसळी असते. पुण्यात त्यांचे डेटा सेंटर सप्टेंबर २०१५ पासून आहे, ॲमेझॉन मुंबईत जून २०१६ मध्ये आले. म्हणजे या सवयी आपल्या दाराशी येऊन दहाएक वर्षे झाली. भाऊ, ज्या मोजणीचे उत्तर तुम्ही किती वेळ पाहिले यावर ठरते, ती मोजणी कसली?

उत्साही: ती अर्धवट मोजणी. आणि अर्धवट मोजणीचे याहून वाईट नमुने मी सांगतो. डीडी आज्ञेने डिस्कवर शून्ये लिहायची आणि वेग पाहायचा, ही एक प्रचलित चाचणी. ती बहुतेक वेळा मेमरीचा वेग दाखवते, कारण लिहिलेले आधी मेमरीतच थांबते आणि डिस्कपर्यंत नंतर सावकाश जाते. म्हणून येन्स ॲक्सबो यांचे एफआयओ हे चाचणीचे साधन वापरायचे आणि त्यात मेमरी टाळून थेट डिस्कवर जाण्याची खूण आठवणीने करायची. डिस्कची हालचाल दाखवणाऱ्या आयओस्टॅटमध्ये डिस्क शंभर टक्के व्यस्त दिसली की लोक घाबरतात. एका हेडच्या तबकडीला तो आकडा लागू होता. अनेक मागण्या समांतर हाताळणाऱ्या डिस्कला त्यातून फक्त एवढेच कळते की ती रिकामी कधी नव्हती. तिथे प्रत्येक मागणी किती थांबली तो रकाना पाहायचा. आणि स्नॅपशॉटवरून, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या प्रतीवरून, उभी केलेली डिस्क तर पहिल्या दिवशी मुद्दाम फसवल्यासारखी वागते. तिच्यातला प्रत्येक तुकडा पहिल्यांदा मागितला जाईल तेव्हा दूरच्या साठवणातून आणला जातो, म्हणून पहिले वाचन फार हळू. अपघातानंतर घाईने उभ्या केलेल्या व्यवस्थेवर लोक तुटून पडतात ते याच अवस्थेत.

या प्रत्येक फसगतीवर उपाय आहे. चाचणी तासभर चालवा. तुमच्या डेटाबेसचा तुकडा, तुमच्या वाचन-लेखनाचे प्रमाण, तुमची रांग तीत उतरवा. स्नॅपशॉटची डिस्क आधी एकदा पूर्ण वाचून काढा. जीपी-२ ची उसळी जीपी-३ ने काढूनच टाकली, तिथे आकार आणि वेग यांची फारकत झाली. मोजणी फसवते म्हणून ती सोडा असे तुम्ही म्हणता. मी म्हणतो, ती फसवते कशी हे माहीत असणे म्हणजेच मोजता येणे.

साशंक: बरे, तासभर चालवली, तुकडा बरोबर घेतला. अहवालात काय येईल? सरासरी विलंब एक मिलिसेकंद. या सरासरीत बसून तो शेतकरी कधी प्रवास करत नाही.

उत्साही: सरासरी कोण मागतो? शंभरात नव्व्याण्णव वाचने किती वेळात झाली ते मागायचे. आणि इथे तुमच्या बाजूचा एक हिशोब मीच मांडतो. शंभरातले एक वाचन मंद आहे असे धरा. एका नोंदीला तीस वाचने लागतात. तीसही वेळा सुदैव साथ देण्याची शक्यता ७४ टक्के. उरलेल्या २६ टक्के नोंदींना कुठे ना कुठे ते मंद वाचन भेटतेच. डिस्कच्या अहवालात जे एक टक्का म्हणून कोपऱ्यात असते, ते माणसापर्यंत पोहोचेतो चौथा हिस्सा होते. जेफ्री डीन आणि लुईझ आंद्रे बारोसो यांनी २०१३ मध्ये गूगलच्या अनुभवावरून नेमके हेच दाखवले होते. म्हणून मी डिस्कच्या शेपटाकडे, त्या सर्वांत मंद एका टक्क्याकडे, पाहतो.

साशंक: पाहिलेत, आता पुढे काय करणार? तुमचा स्वतःचा हिशोब सांगतो की दोष डिस्कचा कमी आणि तीस वाचनांचा जास्त. शेतकरी बांधावर उभा असताना ती तीस वाचने करायची गरजच काय? नोंद आली, एका जागी लिहून ठेवली, पोच दिली, माणूस मोकळा. पडताळणी रात्री करा. हे काही मी आज सुचवत नाही. तुमच्या-माझ्या याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यानंतर देशभर जी नावनोंदणी झाली तिची रचना पाहा. गावोगावच्या केंद्रांवर इंटरनेट असेल-नसेल, नोंदणी थांबत नव्हती. बोटांचे ठसे, डोळे, फोटो यांचे कुलूपबंद पॅकेट तिथल्याच संगणकावर तयार व्हायचे आणि नंतर मुख्य केंद्राकडे जायचे. माणसाच्या हातात पोचपावती पडायची, तिच्यावर १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि तारीख-वेळ. त्याची माहिती आधीच्या कुणाशी जुळते का, हे जड काम मागाहून, आपल्या गतीने. कुणालाही केंद्रावर त्या कामाची वाट पाहावी लागली नाही. डिस्क मोजण्यापेक्षा माणसाची वाट आणि डिस्कची वाट वेगळी करणे, हे खरे शहाणपण.

उत्साही: यावर माझा काहीच वाद नाही. उलट हे मोजणीतूनच सुचते. एका नोंदीला तीसच्या जागी एक लेखन, तेही शेवटाला जोडलेले, विखुरलेले नव्हे. तीच ३,००० ची डिस्क आता सेकंदाला १०० च्या जागी कितीतरी पट नोंदी स्वीकारेल आणि एक पैसा वाढणार नाही. पण पोच कधी द्यायची ते सांगा. नोंद मेमरीत आली तेव्हा, की डिस्कवर पक्की लिहिली गेली तेव्हा? डेटाबेस पक्के लिहिण्यासाठी एफसिंक करतो, म्हणजे डिस्कने ‘लिहिले’ म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. नेटवर्कपलीकडच्या डिस्कवर त्याला अनेकदा एखाद-दोन मिलिसेकंद लागतात. अनेक नोंदींचे एफसिंक एकत्र करता येते, तेही सगळे चांगले डेटाबेस करतात. तरीही तुमची पोचपावती शेवटी त्या एका लेखनाच्या विलंबावरच उभी आहे. मोजायचे ते लेखन. तीसचे एक झाले, मोजणी संपली नाही.

साशंक: आणि तिथेच मोह होतो. मायएसक्यूएलमध्ये एक आकडा १ वरून २ केला की तो प्रत्येक नोंदीला डिस्कपर्यंत पक्के लिहिणे सोडतो, साधारण सेकंदातून एकदा लिहितो. पोस्टग्रेसमध्येही पक्के होईपर्यंत थांबणे बंद करण्याची सोय आहे. असा बदल केला की तुमची एफआयओची मोजणी आहे तशीच राहील, नोंदींचा वेग मात्र एकदम चढेल. अहवाल सुंदर दिसेल. सर्व्हर त्याच क्षणी बंद पडला तर शेवटच्या सेकंदातल्या नोंदी जातील. १५० शेतकरी. त्यांच्या फोनवर ‘नोंद झाली’ असे आलेले असेल आणि गाव नमुना १२ मध्ये काहीच नसेल. पुढे पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी या सगळ्याला ती नोंद लागते. कुठल्या बेंचमार्कमध्ये हा रकाना असतो? वेग मोजला जातो. दिलेला शब्द पाळला जाईल का, ते मोजले जात नाही.

(दोघांच्या मध्ये लेखक म्हणून एवढेच बोलतो: माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच. डिस्कचे सेटिंग बदलणारा माणूस बहुधा एकटा असतो, रात्रीची वेळ असते, आणि त्या बदलाने नागरिकाला दिलेल्या आश्वासनाचा अर्थ बदलतो याची नोंद कुठल्याच फाइलवर होत नाही.)

उत्साही: तेही मोजता येते. भाराखाली सर्व्हर मुद्दाम बंद पाडायचा, पुन्हा उभा करायचा आणि दिलेल्या पोच व उरलेल्या नोंदी ताडून पाहायच्या. क्वचित कुणी करते, पण करता येते. मी तर म्हणेन, अट अशीच लिहावी: शेवटच्या दिवशी, सेकंदाला १५० नोंदी येत असताना, शंभरातल्या नव्व्याण्णव नोंदींची पोच दोन सेकंदांच्या आत, आणि पोच दिलेली एकही नोंद हरवता कामा नये. मग त्या अटीतून मागे जात ठरवायचे की डिस्कला किती वाचन-लेखने हवीत, किती वाहतूक, सर्व्हर केवढा. आपण नेमके उलटे करतो. आधी डिस्कचा आकडा निवडतो आणि मग लोक त्यात बसतील अशी आशा धरतो.

साशंक: आता आपण जवळ आलो, म्हणून शेवटचा प्रश्न जास्त टोचणार आहे. शंभरातला तो एक कोण? तुमच्या हिशोबात तो कुणीही असू शकतो, कारण मंद वाचन कुणाच्याही वाट्याला येते. प्रत्यक्षात तसे होत नाही. डिस्कने दोन सेकंद जास्त घेतले तर पुण्यात चांगल्या नेटवर्कवर बसलेल्याला थोडा उशीर होतो, पण त्याचे काम होते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, किंवा पावसाळी दुपारी कोरीटच्या शिवारात, एक रेघ सिग्नलवर ज्याचा फोटो अर्धवट चढला आहे त्याची जोडणी त्या दोन सेकंदांतच तुटते. तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणजे डिस्कचा उशीर सगळ्यांना सारखा वाटला गेला तरी त्याचे नुकसान सारखे वाटले जात नाही. तुमचा एक टक्का राज्यभर काढाल तर तो दिसणारही नाही. तालुकावार काढाल तर कदाचित एका तालुक्यात वीस टक्के निघतील.

उत्साही: मग तालुकावार काढू. फोनने बटण दाबल्यापासून पोच मिळेपर्यंतचा वेळ नोंदवायचा आणि तो वेळ तालुक्यांत विभागायचा. पण तुम्ही मला कुठे आणलेत ते पाहा. आता मी जे मोजतो आहे त्यात टॉवर आहे, फोन आहे, पाऊस आहे. त्यातला डिस्कचा वाटा वेगळा काढता आला नाही तर डिस्कचा आकडा वाढवू की पोच देण्याची पद्धत बदलू, हे मला कळणार नाही. आणि फक्त डिस्क मोजली तर तो माणूस दिसत नाही. दोन्ही घड्याळे एकाच मागणीवर, एकाच क्रमांकाने लावावी लागतील.

साशंक: लावा. तरी शंभरात नव्व्याण्णव का, हजारात ९९९ का नको, हे कोण सांगणार? एकेक नऊ वाढवताना खर्च चढत जातो हे तुम्हीच सांगाल. ॲमेझॉनच्या डिस्कवर दिलेली जागा वाढवता येते, त्याच डिस्कवर कमी करता येत नाही, म्हणून हिशोब चुकला तर तो बिलात राहतो. वर्षातल्या चार-पाच गर्दीच्या दिवसांसाठी वर्षभर किती मोजायचे, हा निर्णय अभियंत्याने घ्यायचा, तहसीलदाराने, की मंत्रालयाने? आज तो कुणीच घेत नाही. जे मूळ सेटिंग असेल तेच धोरण होऊन बसते.

उत्साही: अभियंत्याने घेऊ नये, एवढे मला पटले. त्याने किंमत आणि परिणाम शेजारी मांडून द्यावेत: इतक्या पैशांत इतके लोक सुटतात, इतके मागे राहतात, ते या तालुक्यांतले. पण तुमच्या प्रश्नाचे दुसरे टोक मला अजून सापडत नाही. मुदत वाढवली तर हीच डिस्क पुरते. पोच आधी दिली तर हीच डिस्क पुरते. पैसे घातले तर दुप्पट डिस्क मिळते. तिन्हींची किंमत वेगवेगळे लोक भरतात, आणि माझ्याकडचे कुठलेही साधन ती किंमत एका एककात आणून देत नाही.

साशंक: मग आधी ते एकक ठरवा. तोवर तुमचे ३,००० मी उत्तर म्हणून धरणार नाही.

उत्साही: धरू नका. पण मी मोजायचे थांबवले तर ते एकक ठरवायला बसलेल्यांच्या समोर काय ठेवणार आहात?